शहाण्याचें धैर्य : सर टॉमस मोर

धैर्य आणि शहाणपण हे दोन गुण एका घरांत नांदत नाहींत, अशी लोकांची सामान्य समजूत आहे. धाडसी मनुष्य मागचापुढचा विचार करीत नाहीं आणि विचारी मनुष्य धाडस करीत नाहीं, असें आपण नेहमीं बोलतों. शहाणा म्हटला म्हणजे वारा येईल तशी पाठ देणारा, आणि शूर म्हटला म्हणजे प्राणांची पर्वा न करतां पुढें घुसणारा, अशीं दोन चित्रें आपल्या मनांत ठसून गेलेलीं असतात. मुलांस इतिहास शिकवितांना शूरांचीं चरित्रें सांगावयाचीं आणि प्रत्यक्ष व्यवहाराची वेळ आली म्हणजे 'शिर सलामत तर पगडी पचास' ह्या म्हणीचा उपदेश करावयाचा, हा दुटप्पीपणा पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून चालतो तो ह्याच समजुतीमुळें होय. इंग्लंडच्या इतिहासांत असा एक पुरुष होऊन गेला, कीं त्याचें शिर सलामत राहिलें नाहीं, आणि तरीही तें राखण्याकरितां त्यानें आपल्या बुद्धीची पराकाष्ठा केली होती. हा पुरुष म्हणजे सर टॉमस मोर. ६ जुलै १५३५ रोजीं लंडन येथें त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्याच काळांतील एडवर्ड हॉल नांवाच्या बखरकारास असा पेंच पडला, कीं ह्या गृहस्थास मूर्ख शहाणा म्हणावें कीं शहाणा मूर्ख म्हणावें. हॉलच्या प्रश्नांत उपहास आहे. परंतु प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्याचा यत्न आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

प्रथम, मोर ज्या धर्मपरंपरेंत वाढला ती परंपरा ह्या दोन गुणांविषयीं काय म्हणते तें पाहूं. ख्रिस्ती नीतिशास्त्रांत विवेक, न्याय, धैर्य व संयम हे चार गुण इतर सर्व सदाचाराचे आधारस्तंभ मानिले आहेत. मुळांत ही कल्पना ग्रीक तत्त्ववेत्त्यांची. चौथ्या शतकांत मिलानचा बिशप अँब्रोज ह्यानें ती ख्रिस्ती उपदेशांत आणिली, आणि तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस ह्यानें तिचें सविस्तर विवेचन केलें. त्या विवेचनांतील दोन गोष्टी आमच्या विषयास फार उपयोगी आहेत. पहिली ही कीं, चारांमध्यें अग्रस्थान विवेकाचें आहे. कोठें, केव्हां व कशासाठीं हें ज्यास कळत नाहीं, त्याच्या साहसास धैर्य हें नांव शोभत नाहीं. दुसरी ही कीं, धैर्याचें मुख्य लक्षण शत्रूवर चाल करून जाण्यांत नसून संकट सोसून जागच्या जागीं टिकून राहण्यांत आहे. खुद्द येशू ख्रिस्तानेंही आपल्या शिष्यांस प्रचारार्थ पाठवितांना सर्पाचें चातुर्य आणि कबुतराचा निष्कपटपणा हीं दोन्ही जवळ बाळगण्यास सांगितलें होतें.

ह्या तत्त्वाचें एक जुनें उदाहरण कार्थेजचा बिशप सिप्रियन ह्याचें आहे. इ. स. २५० मध्यें रोमन बादशहा डीशियस ह्याच्या आज्ञेवरून ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हां सिप्रियन शहर सोडून लपून राहिला आणि तेथून पत्रद्वारां आपल्या मंडळीचा कारभार पाहूं लागला. पळपुटा म्हणून त्याची निंदा झाली. परंतु पुढें व्हॅलेरियन बादशहाच्या कारकीर्दींत त्याच सिप्रियननें रोमच्या देवांस बळि देण्याचें साफ नाकारलें आणि २५८ मध्यें शांतपणें आपली मान तरवारीखालीं दिली. आपण होऊन मरण ओढवून घेण्यास ख्रिस्ती आचार्यांनीं बहुधा उत्तेजन दिलेलें नाहीं. टाळतां येईल तोंपर्यंत टाळावें; सत्याचा त्याग केल्याखेरीज टाळतां येत नाहीं असें झालें म्हणजे मात्र मागें सरूं नये, हा त्यांचा दंडक. मोरच्या आयुष्याची अखेरचीं तीन वर्षें ह्या दंडकाचें जिवंत भाष्य आहेत.

मोरचा जन्म १४७८ मध्यें लंडन शहरांत झाला. त्याचा बाप जॉन मोर हा वकील असून पुढें न्यायाधीश झाला. लहानपणीं आर्चबिशप मॉर्टन ह्याच्या घरीं सेवेस राहून, मग ऑक्सफर्ड येथें सुमारें दोन वर्षें काढून, शेवटीं बापाच्या इच्छेप्रमाणें टॉमसनें कायद्याचा अभ्यास केला. तरुणपणीं विरक्त जीवनाची ओढ त्यास इतकी लागली होती, कीं सुमारें चार वर्षें तो लंडनमधील कार्थूशियन साधूंच्या मठाच्या सहवासांत राहून त्यांच्याप्रमाणें उपासतापास व प्रार्थना करीत असे. पण आपला पिंड संसारी मनुष्याचा आहे हें ओळखून त्यानें लग्न केलें. अंगास खुपणारा केसाळ सदरा मात्र तो दरबारी पोशाखाच्या आंत घालीत असे, आणि हें गुपित त्याची वडील कन्या मार्गारेट हिच्याखेरीज घरांतही फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

त्याचें घर त्या काळीं एक नवलाची गोष्ट होती. मुलींस मुलाच्या बरोबरीनें लॅटिन व ग्रीक शिकविण्याचा परिपाठ त्यानें ठेविला, आणि मार्गारेटच्या विद्वत्तेचें कौतुक इरॅस्मससारख्या पंडितानें केलें. १५१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'युटोपिया' ह्या ग्रंथानें मोरचें नांव युरोपभर झालें. ह्याच ग्रंथाच्या पहिल्या भागांत, विचारी मनुष्यानें राजाच्या सेवेंत शिरावें कीं नाहीं, ह्यावर मोठा वाद घातलेला आहे. दरबारांत खरा सल्ला ऐकणार कोण, असें एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, सर्वच चांगलें करतां आलें नाहीं तरी वाईट थोडेंबहुत कमी करतां आलें तर तेवढेंही करावें. मोरनें स्वतः दुसऱ्या पक्षाचा मार्ग धरला. १५१८ च्या सुमारास तो आठव्या हेन्रीच्या राजमंडळांत शिरला. १५२३ मध्यें हाउस ऑफ कॉमन्सचा अध्यक्ष झाला. आणि कार्डिनल वुल्सीच्या पतनानंतर ऑक्टोबर १५२९ मध्यें लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजमुद्रेचा रक्षक व राज्यांतील श्रेष्ठ न्यायाधिकारी, झाला.

राजाचा त्याच्यावर केवढा लोभ होता ह्याविषयीं त्याचा जांवई विल्यम रोपर ह्यानें एक आठवण लिहून ठेविली आहे. हेन्री एकदां चेल्सी येथील मोरच्या घरीं अचानक जेवावयास आला आणि जेवण झाल्यावर त्याच्या गळ्यांत हात टाकून तासभर बागेंत फिरला. रोपरनें सासऱ्याचें अभिनंदन केलें, तेव्हां मोरनें उत्तर दिलें, कीं राजाची कृपा आहे हें खरें. परंतु माझ्या डोक्याच्या मोबदल्यांत फ्रान्समधील एखादा किल्ला मिळत असेल, तर तें डोकें गेल्यावांचून राहणार नाहीं. भर वैभवांत ज्यानें राजकृपेची किंमत इतकी अचूक ओळखली होती, तो पुढें भोळेपणानें संकटांत सांपडला असें म्हणण्यास जागा नाहीं.

तें संकट असें. राणी कॅथरीन हिचा एकही मुलगा जगला नव्हता, आणि ॲन बुलीन हिच्याशीं विवाह करण्याचें हेन्रीच्या मनानें घेतलें होतें. पोप पहिला विवाह रद्द करीना. तेव्हां इंग्लंडमधील धर्मसंस्थेवर पोपची सत्ताच नाहीं, राजा हाच तिचा मुख्य, अशी भूमिका राजपक्षानें हळूहळू घेतली. १५ मे १५३२ रोजीं धर्मगुरूंच्या सभेनें राजापुढें मान तुकविली, आणि दुसऱ्याच दिवशीं मोरनें राजमुद्रा हेन्रीच्या हातीं परत दिली. कारण प्रकृतीचें सांगितलें. राजाच्या विवाहाविषयीं बरें नाहीं, वाईट नाहीं. पोपच्या सत्तेविषयीं एक अक्षर नाहीं. पदाबरोबर पगारही गेला, आणि वार्षिक उत्पन्न शंभर पौंडांहून थोडेंसेंच अधिक उरलें. तेव्हां त्यानें मुलें, सुना, जांवई ह्या सर्वांस एकत्र बसवून सांगितलें, कीं माझ्या आयुष्यांत ऑक्सफर्डच्या जेवणापासून दरबारच्या जेवणापर्यंत मी पायरीपायरीनें चढलों. आतां त्याच पायऱ्या आपण मिळून उतरूं, आणि ऑक्सफर्डचेंही जेवण परवडलें नाहीं तर झोळ्या घेऊन दारोदार भजन म्हणत हिंडूं, पण हिंडूं सर्व बरोबर. दारिद्र्य यावयाच्या आधींच त्याची भीति घरांतून घालवून देणें ह्यास आम्ही शहाणपण म्हणतों. ज्याच्या घरास थोडक्यांत राहतां येतें, त्याच्या सदसद्विवेकास विकत घेणें फार कठीण जातें.

येथून पुढें मोरनें जें धोरण धरलें तें एका शब्दांत सांगतां येतें. तो शब्द म्हणजे मौन. १ जून १५३३ रोजीं ॲन बुलीन हिला राज्याभिषेक झाला. त्या समारंभास नवा पोशाख करून यावें म्हणून तीन बिशपांनीं त्यास वीस पौंड पाठविले. मोरनें पैसे ठेवून घेतले. समारंभास मात्र तो गेला नाहीं. त्याच सुमारास केंट परगण्यांतील एलिझाबेथ बार्टन नांवाची जोगीण राजाच्या नव्या विवाहाविरुद्ध भविष्यें सांगत होती, आणि मोठमोठे लोक तिच्या नादीं लागले होते. मोर तिला भेटला होता. परंतु राजेरजवाड्यांच्या भानगडींविषयीं बोलूं नकोस, असें पत्र त्यानें तिला लिहिलें आणि त्या पत्राची नक्कल आपल्यापाशीं जपून ठेविली. १५३४ च्या आरंभीं तिच्याबरोबर त्यासही गुन्हेगार ठरविण्याचा घाट घातला गेला, तेव्हां हीच नक्कल त्याच्या कामीं आली व त्याचें नांव यादींतून गाळावें लागलें. बार्टन हिला त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें फांशी झाली. हुतात्मा होण्याची हौस असलेला मनुष्य पत्रांच्या नकला ठेवीत नाहीं.

परंतु मौनासही मर्यादा होती. १५३४ च्या मार्च महिन्यांत पार्लमेंटनें ॲनच्या संततीस गादीचा वारसा देणारा कायदा केला आणि प्रजाजनांनीं त्यास अनुसरून शपथ घ्यावी असें ठरविलें. १३ एप्रिल रोजीं मोरला लँबेथ येथें आर्चबिशप क्रॅन्मर ह्याच्या वाड्यांत बोलावणें आलें. एरवीं तो नावेंत बसावयास निघाला म्हणजे बायकामुलें नदीपर्यंत पोंचवावयास येत. त्या दिवशीं त्यानें बागेचें फाटक आपल्या हातानें मागें लोटून घेतलें व कोणास बरोबर येऊं दिलें नाहीं. नावेंत बराच वेळ गप्प बसून मग तो रोपरच्या कानांत एवढेंच म्हणाला, कीं लढाई जिंकली, ह्याबद्दल देवाचे आभार. रोपरला त्या वेळीं अर्थ कळला नाहीं. आमच्या मतें खरी लढाई त्या बंद फाटकापाशींच झाली होती. तुरुंग, खटला व वधस्तंभ हे सर्व तिच्या नंतरचे.

लँबेथ येथें मोरनें शपथेचा मसुदा व कायदा दोन्ही शांतपणें वाचले. गादीचा वारस ठरविण्याचा पार्लमेंटास अधिकार आहे, तेवढ्यापुरती शपथ घेण्यास मी तयार आहें, असें त्यानें सांगितलें. परंतु समोर ठेवलेल्या शपथेंत पोपची सत्ता नाकारणारा जो मजकूर होता, त्यास त्याचें मन घेईना. कारण विचारलें असतां तेंही सांगेना. कारण सांगणें हाच गुन्हा ठरण्याचा संभव होता. ज्यांनीं शपथ घेतली त्यांस मात्र त्यानें दोष दिला नाहीं. क्रॅन्मरनें मोरला पटवून देण्याचा यत्न केला, आणि पुढें त्यानें दिली तेवढीच शपथ मान्य करावी अशी शिफारसही केली. पण ती राजास पटली नाहीं. १७ एप्रिल १५३४ रोजीं मोरची रवानगी टॉवर नांवाच्या किल्ल्यांत झाली.

ह्या तुरुंगांतील पंधरा महिने आमच्या मतें मोरच्या चरित्राचा सर्वांत बोधप्रद भाग आहेत. कारण येथें धैर्य कशाचें बनलेलें असतें तें उघड दिसतें. मोर स्वभावानें निधड्या छातीचा नव्हता. आपल्या देहास दुःख सोसण्याची इतकी धास्ती आहे, कीं एक टिचकीही नकोशी वाटते, असें त्यानें स्वतः मार्गारेटला पत्रांत लिहिलें होतें. रात्रीं बायको शेजारीं निजलेली असतां आपल्यावर काय काय ओढवेल ह्याचीं चित्रें तो डोळ्यांपुढें आणीत जागा राहत असे, अशीही त्याची कबुली आहे. तुरुंगांत त्यानें दोन ग्रंथ लिहिले. पहिला, संकटांत मिळणाऱ्या समाधानाविषयींचा संवाद; त्याचें स्थळ तुर्कांच्या स्वारीनें भेदरलेला हंगेरी देश आहे, पण त्यांतील भीति ओळखीची आहे. दुसरा ग्रंथ ख्रिस्तानें मरणाच्या आदल्या रात्रीं गेथशेमनेच्या बागेंत भोगलेल्या मनोव्यथेवर आहे. देवाचा पुत्र असून ख्रिस्त भ्याला कां, हा प्रश्न तेथें मोरनें घेतला आहे. त्याचें उत्तर असें, कीं जे स्वभावतः निर्भय आहेत त्यांस उदाहरणांची वाण नाहीं. परंतु जे भित्रे आहेत, ज्यांचे पाय लटपटतात, त्यांस आपल्यापुढें कोणीतरी ह्याच वाटेनें थरथरत गेला आहे हें कळावें, म्हणून ख्रिस्तानें भीति अंगावर घेतली. भय वाटणें हें पाप नाहीं. भयाच्या सांगण्यावरून कर्तव्य सोडणें हें पाप. भित्र्या माणसासही धैर्यवान होतां येतें, हा ह्या ग्रंथाचा निष्कर्ष आहे, आणि सामान्य संसारी जनांस ह्यापेक्षां मोठा दिलासा कोणता असूं शकेल?

बाहेरून येणारा छळ एकवेळ सोसवतो. घरच्यांचें प्रेम सोसणें अवघड. पत्नी ॲलिस ही भेटीस आली ती रागावूनच. चेल्सीला चांगलें घर, बाग, ग्रंथालय, मुलेंबाळें असतां ह्या कोंदट खोलींत उंदीरघुशींबरोबर काय बसला आहां, असा तिचा रोकडा सवाल होता. स्वर्ग माझ्या घरापासून जितका जवळ तितकाच ह्या घरापासून नाहीं काय, असें मोरनें हंसत विचारलें. तिला तें मुळींच पटलें नाहीं, आणि तिच्या जागीं असलेल्या कोणत्या गृहिणीस पटलें असतें? मार्गारेटनें स्वतः शपथ घेतली होती; परमेश्वराच्या नियमास सोडून नसेल तेथवर, एवढी पुस्ती मात्र तिनें जोडली होती. बापाचें मन वळविण्याकरितां तिनें नवा चॅन्सेलर ऑडली ह्यानें सांगितलेली एक गोष्ट त्याच्या कानीं घातली. एका देशांत अंगावर पडतांच मनुष्यास वेडा करणारा पाऊस यावयाचा होता. थोडे शहाणे गुहांत लपून कोरडे राहिले, आणि बाहेर येऊन पाहतात तों सर्व लोक वेडे. पण ते वेडे शहाण्यांचें ऐकतनात, तेव्हां आपणही भिजलों असतों तर बरें झालें असतें असें शहाण्यांस वाटलें. तात्पर्य उघड होतें. मोर म्हणाला, ही गोष्ट मीं वुल्सीच्या तोंडून पूर्वीं ऐकिली आहे. लढाईंत पडूं नये असें कोणी म्हटलें कीं तो ती सांगे, आणि तिच्यापायीं राजाचा व देशाचा पुष्कळ पैसा खर्चीं पडला आहे. राहतां राहिलें वेड्यांवर राज्य करणें. त्याची मला हौस नाहीं. दुसरा कितीही थोर असला तरी आपला आत्मा त्याच्या पाठीस बांधणार नाहीं, कारण तो कोठें घेऊन जाईल ह्याचा नेम नाहीं, असेंही त्यानें तिला सांगितलें.

मोरप्रमाणेंच रॉचेस्टरचा बिशप जॉन फिशर हाही टॉवरमध्यें कैदेंत होता. फिशरनें राणी कॅथरीनचा पक्ष पहिल्यापासून उघडपणें घेतला होता. ज्या मठाच्या सहवासांत मोरनें तारुण्याचीं चार वर्षें काढिलीं होतीं त्या मठाचा प्रमुख व त्याचे सोबती ह्यांस ४ मे १५३५ रोजीं वधस्थानीं नेण्यांत आलें, तेव्हां मोरनें खिडकींतून तें पाहिलें व शेजारीं उभ्या असलेल्या मार्गारेटला, हे लोक लग्नास निघाल्यासारखे कसे आनंदानें चालले आहेत पाहा, असें म्हटलें. २२ जून रोजीं फिशरचाही शिरच्छेद झाला. बोलणें हा बिशपाचा धर्म होता. मोरवर तशी जबाबदारी नव्हती. तो गृहस्थ होता, कायदेपंडित होता. कायद्यानें जेवढा आडोसा दिला तेवढा घेणें हें त्यानें आपलें कर्तव्य मानिलें.

तो आडोसा अखेर मोडला. १५३४ च्या अखेरीस राजा हाच धर्मसंस्थेचा मुख्य असा कायदा झाला, आणि त्या पदवीचा द्वेषबुद्धीनें शब्दानेंही इनकार करणें हा राजद्रोह ठरला. १ जुलै १५३५ रोजीं वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें मोरवर खटला चालला. न्यायासनावर ॲन बुलीन हिचा बाप, मामा व भाऊ हे तिघेही बसले होते. मोरचें मौन हाच त्याचा द्वेष, असा वादीपक्षाचा मुद्दा. मोरनें उत्तर दिलें तें आमच्या वाचकांस चांगलें परिचित आहे. 'मौनं संमतिलक्षणम्' असें जें संस्कृत वचन आहे, त्याच अर्थाचें कायद्याचें एक लॅटिन सूत्र आहे, आणि मौनाचा अर्थ करावयाचाच तर संमति असा करावा, असें त्यानें बजाविलें. हा बचाव तोडतां येईना, तेव्हां रिचर्ड रिच हा सरकारी वकील स्वतः साक्षीस उभा राहिला. १२ जून रोजीं मोरचीं पुस्तकें जप्त करावयास गेलों असतां, पार्लमेंटास राजाला धर्मसंस्थेचा मुख्य करतां येत नाहीं, असें मोर माझ्यापाशीं बोलला, अशी त्याची साक्ष. जें मीं राजास व त्याच्या मंत्र्यांस कधीं सांगितलें नाहीं, तें ह्या मनुष्यापाशीं सांगितलें असेल काय, असा मोरचा सवाल होता. त्या वेळीं खोलींत असलेल्या दोघांनीं, आम्ही पुस्तकें पोत्यांत भरण्यांत गुंतलों होतों, बोलणें ऐकिलें नाहीं, असें सांगून हात झटकले. पंचांनीं पाव तासांत दोषी ठरविलें.

निकाल लागल्यावर, जपलेल्या मौनाचा उपयोग संपल्यावर, मोर प्रथमच बोलला. सर्व ख्रिस्ती जगाची एकमतानें चालत आलेली गोष्ट एका राज्याच्या कायद्यानें मोडतां येत नाहीं, हें त्यानें स्पष्ट केलें. रॉबर्ट बोल्ट ह्याच्या १९६० च्या प्रसिद्ध नाटकापासून मोर म्हणजे व्यक्तीच्या स्वतंत्र मनाचा कैवारी अशी प्रतिमा रूढ झाली आहे; ती अर्धीच खरी आहे. मला असें वाटतें म्हणून तें खरें, असें मोर कधीं म्हणाला नाहीं. वर्षानुवर्षें ग्रंथ चाळून, पूर्वाचार्यांचीं मतें तपासून आपली विवेकबुद्धि घडवावी लागते, असें तो समजे. शेवटीं न्यायाधीशांकडे वळून तो म्हणाला, कीं स्तेफनाच्या वधास पौलाची संमति होती, आणि आतां ते दोघेही स्वर्गांत एकमेकांचे स्नेही आहेत. तसेच आपणही तेथें आनंदानें भेटूं. ज्यांनीं मृत्यूची शिक्षा दिली त्यांच्याविषयीं मनांत कडवटपणा न उरणें, हें ख्रिस्ती धैर्याचें अखेरचें व सर्वांत अवघड लक्षण होय.

टॉवरकडे परत नेतांना मार्गारेट पहारेकऱ्यांच्या भाल्यांतून वाट काढून बापाच्या गळ्यांत पडली. ५ जुलैस त्यानें कोळशाच्या तुकड्यानें तिला शेवटचें पत्र लिहिलें. केसाळ सदराही तिच्याकडे पाठवून दिला. दुसऱ्या दिवशीं, वधस्तंभापाशीं फार बोलूं नये अशी राजाची इच्छा त्यास कळविण्यांत आली, आणि तीही त्यानें पाळिली. डळमळीत शिडी चढतांना, वर जाण्यास हात द्या, उतरण्याचें माझें मी पाहून घेईन, असा विनोद त्यानें केला. राजाचा इमानी सेवक, पण आधीं देवाचा, म्हणून मरतों आहें, एवढें सांगितलें. आणि मान पुढें केली.

येथवर मोरची स्तुति झाली. परंतु इतिहास लिहावयाचा तर त्याची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. चॅन्सेलर असतांना मोरनें प्रॉटेस्टंट मताच्या लोकांचा कसून पाठलाग केला; त्याच्या अधिकारकाळांत सहा जणांस पाखंडी म्हणून जाळण्यांत आलें, आणि ह्याचा त्यास पश्चात्ताप झाल्याचें दिसत नाहीं. स्वतःच्या थडग्याकरितां लिहून ठेविलेल्या लेखांत, चोर, खुनी व पाखंडी ह्यांस आपण त्रासदायक होतों, असें त्यानें अभिमानानें नमूद केलें. ज्याच्या 'युटोपिया'मध्यें प्रत्येकास आपापला धर्म बऱ्याच अंशीं मोकळेपणानें पाळतां येतो, त्यानें प्रत्यक्ष अधिकार हातीं आल्यावर असें वागावें, हें दुःखदायक आहे. त्या काळीं सर्वच पक्ष असें वागत, हें समर्थन खरें असलें तरी पुरेसें नाहीं. मोरच्या मरणानें त्याची निष्ठा सिद्ध होते. त्याचीं सर्व मतें त्यामुळें बरोबर ठरत नाहींत. लँबेथच्या वाड्यांत त्याच्यासमोर बसलेला क्रॅन्मर, त्यासही पुढें मेरी राणीच्या काळांत ह्याच कसोटीस उतरावें लागलें. त्यानें भीतीनें प्रथम आपलीं मतें लेखी सोडलीं, आणि २१ मार्च १५५६ रोजीं ऑक्सफर्ड येथें तें सर्व परत घेऊन, ज्या हातानें सही केली तो उजवा हात आधीं ज्वाळेंत धरिला. मत वेगळें, पंथ वेगळा. पण भ्यालेल्या माणसास धैर्य येतें तें कसें, हें दोघांच्याही मरणांत सारखेंच दिसतें. आपल्या विवेकास जी मोकळीक आपण मागतों ती प्रतिपक्षासही दिली पाहिजे, हा धडा युरोपानें पुढें पुष्कळ रक्त सांडून शिकला. मोरच्या शहाणपणांत एवढी एक पायरी कमी होती, आणि ती दाखवून देणें हाही त्याच्याविषयींच्या आदराचाच भाग होय.

ह्या जगाचा हिशेब नेहमीं जुळतोच असें नाहीं. ॲन बुलीन हिचा १९ मे १५३६ रोजीं शिरच्छेद झाला. ज्यानें हें सर्व राजकारण चालविलें त्या टॉमस क्रॉम्वेलचाही जुलै १५४० मध्यें झाला. परंतु रिचर्ड रिच हा मोरच्याच जागीं लॉर्ड चॅन्सेलर होऊन, श्रीमंत होऊन, १५६७ मध्यें अंथरुणावर शांतपणें मेला. चांगल्याचें फळ चांगलें मिळतेंच, असें आश्वासन मुलांस देणाऱ्यांनीं रिचचें चरित्रही वाचावें. रोमन कॅथलिक धर्मपीठानें मोर व फिशर ह्यांस १९३५ मध्यें संतपद दिलें, आणि २००० सालीं मोरला राजकारणी पुरुषांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलें. परंतु टॉवरमध्यें कोळशानें पत्र लिहीत बसलेल्या मनुष्यास ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्याच्यापाशीं होता तो केवळ विश्वास.

तर मग हॉलच्या प्रश्नाचें उत्तर काय? आम्हांस असें वाटतें, कीं मोरला शहाणपण व धैर्य ह्यांपैकीं एकाची निवड कधीं करावीच लागली नाहीं. पद सोडणें, खर्च कमी करणें, पत्राची नक्कल ठेवणें, गप्प राहणें, कायद्याचा शब्दन् शब्द तपासणें, हीं सर्व शहाणपणाचींच कामें. पण प्राण वांचविण्याचे असे सर्व सरळ मार्ग त्यानें आधीं चोखाळले होते, म्हणूनच अखेरच्या क्षणीं, ह्याहून वेगळें कांहीं करतां आलें असतें काय, ही शंका त्याच्या मनांत उरली नाहीं. अविचारी शूरास ती शंका शेवटपर्यंत छळते. भित्र्या शहाण्यास तर ती जन्मभर छळते. आमच्या वाचकांवर वधस्तंभाचा प्रसंग येणार नाहीं; पण खोट्या कागदावर सही करण्याचा, वरिष्ठाच्या अन्यायास मान डोलावण्याचा, चार लोकांबरोबर भिजून वेडें होण्याचा प्रसंग कोणावर येत नाहीं? अशा वेळीं गप्प कोठवर राहावें आणि बोलावें केव्हां, हें कळण्यासाठीं बागेचें फाटक आपल्या हातानें आधीं लावून घ्यावें लागतें. मागाहून तें सुचत नाहीं.